चमचे बारा

दर तीन वर्षांनी, ऑगस्टात,
कॉन्फरन्सचं पत्र यायचं.
बाबा ते उभ्याउभ्याच वाचत,
चष्मा कपाळावर सरकवून गावाचं नाव सांगत.
आई एवढंच विचारायची : तिथे पाणी किती लांब?
आणि चमचे मोजायला बसायची.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात,
पण विंचवाचं निदान स्वतःचं तरी असतं.
आमच्या खाटा, कोळशाची बादली,
टवका उडालेली सुरई, घोडीसुद्धा,
सगळं मंडळीचं,
चौदा चॅपेलांनी वर्गणी काढून घेतलेलं.
आमची फक्त पुस्तकं, अंगावरचे कपडे,
आणि आम्ही : मी डॉर्कस, जाबेझ, सायलस,
आणि एक बिननावाची,
जी आधीच्या गावच्या मातीत राहिली.

बाबा, रेव्हरंड ओबडाया रेस्ट्रिक,
नवव्या वर्षी शिशाच्या खाणीत उतरले,
विसाव्या वर्षी वर आले ते शास्त्र काखेत घेऊन.
आवाज असा, की माळावरची मेंढरं मान वर करत.
रविवारी तीन उपदेश, मध्ये बावीस मैल.
थंडीत दाढी गोठून कोटाला चिकटायची.
आई ती कोमट पाण्यानं सोडवत असताना
ते विचारत,
हॉकरिगच्या म्हातारीला कोणी कोळसे दिले का?
आमच्या बादलीत वाकून बघायचं काम माझं.

खोटं त्यांना खपत नसे.
जाबेझनं एका अंड्यावरून थाप मारली,
तर प्रकटीकरणाचा एकविसावा अध्याय
त्याला रात्रीच्या जेवणाआधी पाठ करावा लागला,
लबाडांच्या वाट्याचं अग्नीचं सरोवर आणि सगळं.
जेवण गार झालं. सरोवर नाही.

थॉर्नगिलच्या दुसऱ्या हिवाळ्यात
सायलसचा घसा सुजला.
चार वर्षांचा. औषध घेईना.
आईनं चमचा मधात बुडवून दिला,
तो त्यानं सोडलाच नाही.
बाबा तेव्हा नदीपलीकडे,
दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाला मूठमाती द्यायला गेलेले.
ते परतले तेव्हा पेटीला खिळे मारायचे होते.
मुठीतून चमच्याचा दांडा दिसत होता.
सुतारानं आईकडे पाहिलं.
आईनं चादर थोडी वर ओढली.

ऑगस्टात कारभारी आले, मिस्टर हेसेल्टाइन,
धान्याचे व्यापारी, नखात पीठ.
यादीवरून बोट खाली खाली सरकत आलं.
चमचे बारा.
अकरा, आई म्हणाली. एक हरवला.
ओढ्यावर, भांडी घासताना.

घरात इतकी शांतता
की ओढा ऐकू आला.
बाबांनी खिशातून चार पेन्या काढल्या,
एकेक करून टेबलावर ठेवल्या, सही केली.
आईकडे पाहिलं नाही. जाबेझकडेही नाही.

त्या रविवारी निरोपाचा उपदेश.
उतारा त्यांनीच निवडलेला :
नाणं हरवलेली बाई दिवा लावते,
घर झाडते, कोपरे धुंडाळते.
झाडण्याबद्दल ते फार वेळ बोलले.
खाणकामगार खोकायचे थांबले.
मग, तिला ते सापडलं, इथवर आले
आणि पुढचं वाक्य आलंच नाही.
पुस्तकाची पानं उलटली,
चुकीच्या गीताचा आकडा सांगितला.
मंडळीनं तेच गाइलं.

आता बाबा रिपनला पुरलेत.
घोडी नव्या पाळकाकडे आहे,
आमच्या फाटकाशी आली की थांबते,
तो बिचारा टोपी काढून माफी मागतो.
जाबेझ कॅनडात. त्याचं पत्र नाताळला येतं.
मी शाळेत शिकवते. घर भाड्याचं,
पण चमचे आमचे, सहा,
माझ्या पहिल्या पगाराचे.

ऑगस्ट आला की आई ते टेबलावर मांडते.
कोणी मोजायला येणार नसतं.
मी विचारते, भरले ना बरोबर?
हो, म्हणते, बरोबर आहेत.
आणि गुडघ्यावर हात ठेवून, हळूच,
टेबलाखाली वाकून बघते.