इतर, तपशील लिहा

सीबीएसवर उतरून चालत गेले,
गळ्यात ओळखपत्र, पिशवीत बावन्न प्रश्नांची वही.
जिल्ह्यातली नऊ केंद्रं, बारा दिवस,
केंद्रामागे सातशे रुपये, जेवण ज्याचं त्यानं.

एक्स-रेच्या पुढे वळून जिन्याखालून गेलं
की ती खोली. पाटीवर नुसता आकडा: १८.
प्रश्न दोन, केंद्राचा फलक ठळक दिसतो का?
मी 'नाही'वर खूण करणार, तर निकाळे मॅडम म्हणाल्या,
थांबा,
तो दिसू नये म्हणून दोनदा अर्ज केलाय आम्ही.

वजनकाटा आहे?
आहे.
चालतो?
दोन किलो जास्त दाखवतो.
मग दुरुस्त का नाही केला?
गोळ्यांच्या खिडकीतून बोरस्ते म्हणाले,
डॉक्टर वजा करतात हो. पेशंट करत नाही.
त्याला तेवढं राहू द्या.

मी पेन टोपणात घातलं, पुन्हा काढलं.
दुपारपर्यंत रक्त घेणाऱ्या खुर्चीचा हात मोडका,
पिण्याचं पाणी आहे, पेला साखळीला बांधलेला,
समुपदेशनाच्या खोलीला दार आहे, कडी नाही,
कडीच्या जागी निकाळे मॅडमची खुर्ची
पाठ टेकवून.

प्रश्न एकतीस.
रुग्ण घराजवळचं केंद्र सोडून इथे का येतो?
अंतर, वेळ, कर्मचाऱ्यांची वागणूक, इतर.
बाकावर एक बाई, सटाण्यापलीकडची.
नाव लिहायचं नाही असा नियम,
म्हणून तिची हिरवी छत्री लिहिते.
ती म्हणाली, आमच्याकडंबी मिळत्यात गोळ्या,
चालत दहा मिनटं.
पण खिडकीत बसतो
तो माझ्या धाकट्या जावेचा भाऊ.

म्हणून पहाटेची गाडी, मग दुसरी गाडी, शंभर किलोमीटर.
घरी काय सांगता?
दात दाखवायला जाते म्हनते.
अकरा वर्षं झाली.
गावाला वाटतं, काय दात आसतील बाईचे!
आणि हसली.
बत्तीसच्या बत्तीस जागेवर.

बोरस्तेंनी तीन महिन्यांच्या तीन बाटल्या काढल्या,
झाकण उघडून आत कापूस कोंबला,
बाटली कानाशी धरून हलवली,
अजून थोडा कोंबला.
आता वाजत नव्हती.
ते म्हणाले, देवळ्याच्या अलीकडे गाडी फार उसळते.

प्रश्न चाळीस, औषधासोबत दिल्या जाणाऱ्या सेवा.
सूचना, माहितीपत्रक, पुढची तारीख.
मी 'इतर'समोर लिहिलं: कापूस.
संध्याकाळी पुण्याहून फोन,
कापूस म्हणजे ड्रेसिंग का?
म्हटलं, हो, तसंच काहीसं.
मग ड्रेसिंगचाच कोड टाका.

दुसऱ्या दिवशीचं केंद्र कळवणला,
म्हणून देवळ्यापर्यंत सटाणा गाडीच.
ती आधीच बसलेली, खिडकीशी, मांडीवर छत्री,
शेजारची जागा तेवढी रिकामी.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
मग माझ्या छातीकडे,
जिथे त्या रोगाची चार अक्षरं
प्लॅस्टिकमध्ये झुलत होती.
मी ओळखपत्र उपसून पिशवीच्या तळाशी घातलं,
वहीच्या खाली, डब्याच्या खाली.
हे कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

पुढच्या बाकावरच्या आजोबांनी मान वळवली,
काय बाई, नाशकाला कुठं?
दात दाखवाया, ती म्हणाली.
आणि तुम्ही?
माझ्याकडे बघत होते.

मी पण दातच, म्हटलं.

डाक्टर बरा हाय का?
आम्ही दोघी एकदमच बोललो.
ती म्हणाली, बरा हाय.
मी म्हटलं, हात हलका आहे त्याचा.

पिंपळगाव गेलं, वडनेर गेलं.
रस्ता फुटलेला तिथे गाडी उसळली.
आम्ही दोघींनी
आपापली पिशवी घट्ट धरली,
आणि ऐकलं.