चिंध्या कशात?

मडकं धरलेल्यानं मागं वळून बघायचं नसतं,
म्हणून सगळ्यात शेवटी कळलं ते मला.

द्वारकाक्का, माझी आत्या, कऱ्हाडच्या शनिवार पेठेतली शिंपीण.
निम्म्या गावाची मापं तिला तोंडपाठ,
आणि कुणाची किती वाढली, तेही.
बुधवारी पहाटे सुईत दोरा ओवता ओवता गेली.
दोरा ओवलेला होता. बघितलं मी.

नगरपालिकेचा वैकुंठरथ दहाला आला,
झेंडूच्या माळा, चकचकीत काचा,
देणगीदाराचं नाव देवाच्या नावापेक्षा मोठं.
रोजचा ड्रायव्हर मेव्हणीच्या लग्नाला उंब्रजला,
म्हणून बदलीवर इर्शाद नदाफ,
जो रोज सकाळी आमच्या गल्लीत घंटागाडी आणतो.
त्याच्या खिशात, विडीच्या बंडलाशेजारी,
एकुलता एक पेनड्राइव्ह.

चौकात कुणीतरी म्हणालं,
‘आरं, मुका काय चाललाईस, भजन लाव की.’
लावलं.

‘घरात साठवून ठेवता कशाला?
दाराशी गाडी आलीया, चला!
ओलं निराळं, सुकं निराळं,
शहर आपलं ठेवू सोवळं!’

ढोलकीवर. बाईच्या आवाजात. लाडीगोडीनं.

मी पुढं. हातात मडकं, डोळ्यांत धूर.
मागचं कानानंच बघत होतो,
पुढचं मात्र दिसत होतं:
दारं उघडली पटापटा,
लोखंड्यांची सून हिरवी बादली घेऊन उंबऱ्यावर,
माडीवरनं हाक, ‘थांबा वो, आले!’
वैद्य मास्तर बनियनवर, नारळाच्या शेंड्यांसकट,
रथ बघून असे गडबडले
की बादलीनंच नमस्कार केला.

इर्शादनं बटण दाबलं. गाणं गेलं.
‘घरपट्टी थकबाकीदारांना ही शेवटची सूचना...’
रथात अक्काच्या उशाशी बसलेला दत्तूमामा ओरडला,
‘भरलीया तिनं! मार्चातच भरलीया! पावती दावू का?’

पुन्हा बटण. पुन्हा ढोलकी.

तिथं मी हललो. मडक्यातली गोवरी हलली.
धूर नाकात गेला, असं नंतर सगळ्यांना सांगितलं.

खरं तर मला अक्का दिसत होती.
रोज सातला, ह्याच गाण्यामागं,
एक चप्पल पायात, एक हातात,
चिंध्यांची पिशवी छातीशी धरून धावणारी.
गाडी कायम वळून गेलेली.
आणि सापडलीच कधी, तर भांडण:
‘चिंध्या कशात?’
‘सुक्यात.’
‘काल ओल्यात म्हणालास.’
‘काल भिजल्या होत्या, अक्का.’
‘मग पावसाच्या आधी येत जा की, मुडद्या!’

आज गाडी तिच्यासाठी थांबली होती,
माणसांच्या चालीनं चालत होती,
आणि ती आत बसून.
बसून नाही. आडवी. पण आत.

नदीच्या उतारावर इर्शादनं वायरच उपटली.
मग नुसती कृष्णा, आणि कुणाचातरी मोबाईल,
तोही लगेच दाबला.
इर्शाद कडेला उभा, लाकडं मोजल्यासारखं करत.
‘साहेबांस्नी कळवू नका,’ म्हणाला.
मग जरा थांबून,
‘अक्कांनी सोडलं नसतं मला.’

दुसऱ्या दिवशी सातला तेच गाणं.
मी धावलो. दोन्ही चपला विसरून.
‘ओला?’ त्यानं सवयीनं विचारलं.
‘न्हाई,’ म्हटलं, ‘घरात काय शिजलंच न्हाई,’
आणि बाहीनं तोंड पुसलं.

त्यानं आवाज बारीक केला.
चिंध्यांची पिशवी घेतली, उघडून बघितली,
ह्या खणात टाकली नाही, त्या खणातही नाही,
सीटखाली सरकवली.
‘काचा पुसायला हुत्यात,’ म्हणाला,
आणि आवाज पुन्हा मोठा करून निघाला.

कोपऱ्यावर कुणी बाई बादली घेऊन पळत होती.
‘आरं, थांब की!’
गाडी वळली.