अर्ध्या हळकुंडानं

स्टँपपेपरवर सही केली त्या दुपारी
दादगोंडा मगदूम म्हणाले, "आजपासून मालक तूच.
अट्ठेचाळीस महिने भाड्यातनं कापत जाईन,
मग कागद तुझ्या नावावर."
किल्ली माझ्याकडं आधीपासनंच होती.
सात वर्षं तीच गाडी हाकत होतो.
फरक एवढाच, की आता पंक्चरही माझं.

त्याच आठवड्यात सुभान्यानंही अशीच सही केली.
काचेवर पोराचं नाव, केबिनला निळे दिवे,
हॉर्न असा की म्हशीनं दूध चोरावं,
आणि सांगलीच्या यार्डात गेटापासनं काट्यापर्यंत पेढे.
जैबून म्हणाली, "तुमचं नाव कधी?"
म्हटलं, मिरजेचा पेंटर कुठं पळून चाललाय?

वही घातली. पोराची उरलेली, मागनं सुरू.
डिझेल, टोल, ग्रीस, दोर, ताडपत्रीचं ठिगळ,
हमाली, वजनकाटा, नाक्यावरचं चहापाणी,
आणि खरा चहा वेगळ्या रकान्यात.
हळद अहमदाबादला, बेदाणा इंदूरला.
जातानाचं भाडं मगदुमांचं,
येतानाचं डिझेलचं,
माझं तेवढंच,
जे वाटेत मी खाल्लं नाही.

अहमदाबादेत तीन दिवस परतीच्या मालासाठी पडून होतो.
दलाल म्हणाला, निम्म्या भाड्यात घे, न्हाईतर मोकळा जा.
मोकळी गाडी हलकी पळते असं ज्याला वाटतं
त्यानं कधी हप्ता भरलेला नाही.

टायरचे पैसे जैबूनच्या हळदीच्या डब्यात.
खाली नोटा, वर हळद;
चोराला काय आणि मला काय,
आधी हात पिवळे करावे लागणार.

एकविसाव्या महिन्यात दावणगेरीच्या अलीकडं गिअरबॉक्स गेला.
अकरा दिवस ढाब्यामागं.
बिरू, माझा क्लीनर, जतचं पोरगं,
चाकाला टेकून कन्नड गाणी पाठ करायचा.
मगदुमांचा फोन : हप्ता?
म्हटलं, आण्णा, माल तर उतरू दे.
म्हणाले, कागदात तसं न्हाई बाबालाल.

खरंच नव्हतं.
घरी आल्यावर तो कागद पहिल्यांदा अख्खा वाचला,
जैबूनचा चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून.
तीन हप्ते थकले तर गाडी परत,
भरलेली रक्कम भाडं समजावी.
भाडं!
माझ्याच घामाचं मीच दिलेलं.
रात्री डबा परातीत उपडा केला.

सुभान्याची गाडी तोवर गेली होती, निळ्या दिव्यांसकट.
नव्या ड्रायव्हरनं काच ब्लेडनं खरवडली,
साहिलमधला ल तेवढा राहिला.
सुभान्या आता त्याच गाडीला भेटतो, कोल्हापूर रोडच्या पंपावर.
बघत न्हाई. हवा मारून पुढं.
मी काही बोललो नाही, माझे सत्तावीस बाकी होते.
त्या दिवसापासनं मात्र हप्ता दिला की पावती घेतली,
मगदुमांना राग आला तरी.

शेवटच्या हप्त्याला त्यांनी बोट ओलं करून नोटा मोजल्या.
जीभ पिवळी, बोटं पिवळी.
"लगा, लग्नाघरातनं आणलास काय?"
हसले. मग आरटीओच्या रांगेत
माझ्यासोबत स्वतः उभे राहिले, उन्हात, तीन तास.
माणूस म्हणून वाईट न्हाईत. हेही वहीत लिहिलंय.

नदाफ बाबालाल कासम. छापून आलं.
गाडीनं तोवर नऊ लाख किलोमीटर खाल्ले होते,
डावा दरवाजा दोरीनं बांधलेला,
आणि पासिंग पुढच्याच महिन्यात.
पेंटरकडं गेलोच नाही.
ताडपत्री नवी घेतली.

यार्डात त्याच रांगेत लागलो, पंधरावा नंबर.
बिरू कपबशी घेऊन आला,
म्हणाला, "मालक, चहा."

मी मागं वळून बघितलं,
मगदूम कधी आले म्हणून.