मागच्या चाकांवरची वाळू

हैबती मामाच्या डाव्या पायाला तीनच बोटं आहेत.
दोन तिकडं वर राहिली, लेहच्याही पलीकडं,
एका खिंडीत, जिचं नाव त्याला आठवत नाही
किंवा सांगायचं नाही.
उरलेल्या तिनांनी त्यानं फौजेच्या ट्रकचा क्लच दाबला,
आणि रिटायर होऊन आल्यावर
मेणवलीच्या माळावर मला शिकवला छोटा हत्ती.

माळावर बर्फ कुठला? मे महिना होता.
त्यानं टँकर सांगून एक पट्टा भिजवला, चिखल केला.
"हे बर्फाचं मावसभावंड समज. चालीव."
मी ब्रेक दाबला. गाडी थेट बोराटीत.
काटे उपसत तो म्हणाला,
"ब्रेक हा पाव्हणा, बाळे. सारखा बोलवायचा नसतो.
घरचं माणूस म्हंजे गिअर."

आणि रिकामी गाडी मागनं उंडगी असते, म्हणाला,
म्हणून हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर,
सिमेंटच्या दोन रिकाम्या पोत्यांत
त्यानं वाळू भरून दिली, तोंडं सुतळीनं शिवून.
लोक विचारायचे, बांधकाम काढलंय का गं?

परवा चंद्राबाईच्या न्हाणीला गिलावा होता.
एक पोतं दिलं. मग दुसरंही.
घाट तर रोजचाच.

जानेवारी. पहाटेचे साडेचार.
वाईहून रिकामी निघाले, लिंगमळ्याला स्ट्रॉबेरी भरायला.
काचेला आतून माझाच श्वास,
बाहेरून तंबाखू चोळलेली; तीही मामाचीच विद्या.
मेटगुताड मागं पडलं. वाफ्यांवर पांढरं उतरलेलं,
मल्चिंगच्या काळ्या कागदावर कुणी पीठ चाळावं तसं.
उद्या पेपरात फोटो येईल,
कानटोपीतल्या पर्यटकांचा, बशीत गोळा केलेल्या हिमकणांचा.
हे येणार नाही, की कुणाच्या तरी ठिबकची नळी फुटली होती
आणि रात्रभर रस्ता ओलांडणारं पाणी
वळणावरच झोपी गेलं होतं, काच होऊन.

मला ते दिसलं नाही. ऐकू आलं.
म्हणजे टायरचा आवाज थांबला.
स्टिअरिंग हातात लोण्यासारखं झालं
आणि मागची चाकं, बिनवाळूची,
माझ्या पुढं जायला निघाली.

सगळा जन्म उजव्या पायात उतरून म्हणत होता, दाब.
मी तो उचलला.
डाव्यानं क्लच. बुटात बोटं अशी आवळून धरली
की जणू त्यातली दोन आत्ताच जायची होती.
ज्या अंगाला शेपूट, त्या अंगाला चाक. थोडंसं.
झोपलेल्या पोराला कुशीवर वळवावं, एवढंच.

हत्ती फिरला, सावकाश,
आणि थांबला. तोंड वाईकडे.

बराच वेळ मी नुसती हँडब्रेक धरून बसले.
मग उतरले, आणि पहिल्याच पावलाला आपटले.
तेव्हा कुठं हसू आलं.

एक क्रेट घेतला. बांधाची तांबडी माती
पान्यानं खरवडून वळणावर टाकली.
चार क्रेट, पाच. मग मोजले नाहीत.
दुधाच्या किटल्या लटकवलेली मोटारसायकल आली,
मातीवरून खरखरत गेली.
त्यानं वळूनही पाहिलं नाही.
पहाटे रस्ता घाण करणाऱ्या बाईकडं काय पाहायचं?
मला ते आवडलं.

उजाडताना मामाचा फोन.
"पोचलीस?"
"पोचले."
"वर लई पडलंय म्हणत्यात."
"थोडं."
पलीकडं चहाचा एक फुरका.
"वाळू हाय न्हवं मागं?"
मी हौद्याकडं पाहिलं. उपडा क्रेट, त्याच्याखाली तांबडी रेघ.
"माती हाय," म्हणाले.
"बरं," तो म्हणाला,
आणि फोन ठेवलाच नाही.