विनाजाळाचे गोळे

ओव्हन जळाला मंगळवारी.
बंबवाल्यांच्याच स्वयंपाकघरात;
पिझ्झा आत, आणि सगळे बाहेर नळ्या धूत.
दिव्याखाली अंधार ऐकला होता,
बंबाखाली जाळ नेब्रास्कातच बघावा.
पोस्टातल्या बाईनं शिक्का मारता मारता विचारलं,
'विझली का रे, मायलो?'

आणि शनिवारी केकची विक्री. नव्या नळीसाठी.

म्हणून लाइल कुचेरा, छप्पन्न वर्षांचा, बंबाचा मुख्य,
पेट्रोल पंपावरून चाळीस पाकिटं घेऊन आलाय.
दोन-दोन केक, पोटात पांढरं क्रीम.
प्लॅस्टिक फाटतंय टर्र, टर्र.

'कुस्करा,' टेसा म्हणते. एकोणीस वर्षांची, पण तिलाच ठाऊक.
'दूध नको, लोणी नको. आतलं क्रीमच धरून ठेवतं.'
शिडी पेलणारे हात
मनगटापर्यंत भांड्यात.
मायलोचे गोळे बेसबॉलएवढे,
लाइलचे गोटीएवढे, आणि सगळे सारखे.

तासभर फ्रीजमध्ये, मेणकागदावर.
मग चॉकलेट वितळवायचं, मायक्रोवेव्हमध्ये.
त्या अर्ध्या मिनिटात
चौघं दारासमोर उभी,
एकाच्या हातात लाल सिलिंडर.
कुणी हसत नाही.

काट्यावर गोळा बुडतो, वर येतो, निथळतो.
एक फुटला. तो लाइलनं खाल्ला,
भिंतीवरच्या काजळीकडे बघत.
'एवढंच असतं?'
'एवढंच.'

भोंगा वाजला तेव्हा अकरा उरले होते.
कुठंतरी वाळलं गवत पेटलंय.
गाडी निघाली.
लाइलच्या हेल्मेटच्या पट्ट्यावर
चॉकलेटचं एक बोट.