उजवा स्पीकर

मे महिन्यातली दुपार, भुसावळ, जामनेर रोड.
शटर अर्धं खाली, कूलर नुसता आवाजापुरता.
कुणा साहेबांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करून
तपासायला मी लावलं, हाताला लागलं ते:
परग्रहावरच्या कुठल्याशा सिनेमाचं संगीत.
शंभर वादक. गाणं एकही नाही.

आधी आले हबीब मास्तर,
लग्नसराईनं ओठ सुजलेले,
क्लॅरिनेट फडक्यात गुंडाळून काखेत.
उभ्याउभ्याच ऐकलं. म्हणाले,
'एवढी मोठी वरात, बेटा, आणि नवरदेव कुठाय?'
मग दारातून वळून,
'तो तिसरा ट्रम्पेटवाला मात्र दमलाय.
श्वास कुठे चोरतो, ऐक.'
मला काही ऐकू आलं नाही. मी मान हलवली.

सावद्याचे झोपेकाका शेजारच्या बँकेत
केळीचे पैसे जमा व्हायची वाट बघत होते.
'आमच्या पिकवायच्या खोलीत असंच वाटतं,
गार, अंधार,
आन् हजार घड गपचूप पिवळे होऊन राह्यलेले.
पण मधीच ते लांबून आलं ना,
भरदार, पोटातून निघालेलं,
ते मले आवडलं. बाकी ठीक.'
तो आउटरला अडकलेल्या मालगाडीचा भोंगा होता.
मी सांगितलं नाही.
सुरातच होता, खरं तर.

फालकांचा निनाद, बीएस्सी दुसरं वर्ष,
इअरफोनची पिन बदलायला आलेला:
'ताई, अवकाशात आवाज जातच नाही.
यान फुटतं तिथं ढोल कशाला बडवायचे?'
'मग काय वाजवायचं?'
त्यानं बराच विचार केला.
'काहीच नाही. पण ते नीट वाजवायला पाहिजे.'

रेल्वे दवाखान्यातल्या बऱ्हाटे सिस्टर
टेबलफॅन न्यायला आलेल्या.
व्हायोलिनं पायरी पायरी खाली उतरत गेली
तेव्हा बिलावरून नजर न काढता म्हणाल्या,
'ह्यात कुणीतरी परत येत नाही वाटतं.'
सुटे पैसे मोजून घेतले, गेल्या.
सिनेमा मी पाहिलाय.
परत येत नाही.

तायडेबाबा मात्र बसून राहिले.
बत्तीस वर्षं यार्डात, लांब दांड्याची हातोडी,
गाडीच्या चाकाला एक ठोका:
खणखणीत, की तडा.
रात्री दीडला, पावसात, कंदिलाच्या उजेडात,
एकच ठोका.
डोळे मिटून सगळं ऐकलं शेवटपर्यंत.
'कसं वाटलं, बाबा?'
'कसं काय वाटीन? एका बाजूनं बोलूनच नाही राह्यलं ते.'
उठले, उजव्या स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला,
गुरांच्या पोटावर ठेवतात तसा.
'हे मेलेलं हाय.'

मागं वायर लोंबत होती. मीच विसरलेली.
म्हणजे दुपारभर
सगळ्यांनी निम्म्याचाच निवाडा केला,
नवरदेव कदाचित उजवीकडेच होता.

डाग दिला. पुन्हा पहिल्यापासून लावलं.
उजवीकडून डबल बास आले,
फरशी, बरणीतले स्क्रू, माझ्या चपलेचा तळ
सगळं थोडं थोडं हललं.
कुणीही न ऐकलेली एक हार्प होती.
आणि तिसरा ट्रम्पेटवाला
(तो तर डावीकडेच होता, आधीपासून)
त्यानं श्वास चोरला, आणि मला कळलं.

ऐकायला आता फक्त सुपडाबाई,
चहाचे ग्लास गोळा करायला आलेली.
'दुपारपासून आयकू राह्यली मी,' ती म्हणाली,
'मघाशी त्याच्यात जागा होती व.
आता तू भरून टाकलं.'

मी वायर काढली नाही.
बॅलन्सचं बटण डावीकडे वळवलं,
केसभर.
साहेबांना सांगायचं नाही.