सुतभर

निझव्याच्या बाहेर, रेंजमागची खोली.
एसी चालू, तरी टेबल हाताला कोमट.
दारू नाही, टोपी नाही, नुसती रिकामी पुंगळी,
तोंडात गोळी, मुद्दाम जरा बाहेर ठेवलेली.
खल्फान तिला मेणबत्तीवर धरून काजळी देतो,
नळीत सरकवतो, बोल्ट लावतो, उघडतो.
काजळीवर चार ओरखडे.
"टेकली," मी म्हणतो.
"टेकायला नको. शुवय्या, शुवय्या."

डायचा स्क्रू किंचित. व्हर्नियर. परत काजळी, परत नळी.
तीन ओरखडे. दोन.
एक, केसासारखा.
मग काहीच नाही.
इथून अजून किती मागे, ते रायफल सांगणार,
आणि ती एकदम सांगत नाही.

बाबा देवरुखला सुतार.
दार चौकटीला घट्ट बसलं की मी खूश, ते रंधा मागायचे:
"सुतभर सोड. लाकूड काय तुझ्यासारखं एका जागी बसतं?"

दुसऱ्या दिवशी, ऊन तापायच्या आत, पाच-पाच गोळ्या,
दर पाचांची खोली वेगळी.
डब्यांवर पेन्सिलीचे आकडे,
त्याचा पाच म्हणजे माझं शून्य,
त्यावरून एकदा भांडण.
पहिला कागद कोंबड्यांना दाणे टाकल्यासारखा.
दुसरा बरा.
तिसऱ्यावर पाचही भोकं
पन्नास बैशांच्या नाण्याखाली झाकली.
चौथ्यावर पुन्हा पांगापांग.

वहीत आकडा लिहिला, आणि पुढे, का कोण जाणे,
"बाबांचं सूत".
खल्फान म्हणाला, हे काय?
मला अरबीत सूत येईना.
अंगठा आणि बोट जवळ आणलं,
टेकू दिलं नाही.